जुन्या अजस्र ट्यूबांची तुलना: आधी गळती, मग घडण, मग आवाज

काही वर्षांपूर्वी मी एक जुना कॉन २०जे, म्हणजे कॉन या अमेरिकन कारखान्याचा मोठा ट्यूबा (खर्जातलं पितळी फुंकवाद्य), दहा मिनिटं फुंकून पाहिला, "आवाजाला गाभा नाही, फुसका आहे" असा शेरा मारला आणि परत ठेवून दिला. इलिनॉयमधल्या आमच्या हौशी बँडमधल्याच एकाने दोन आठवड्यांनी तो घेतला. पुढच्या तालमीला तो माझ्या शेजारी बसून वाजवू लागला तेव्हा माझा नोटांचा स्टँड थरथरत होता. मधल्या काळात काय झालं होतं? पाणी काढायच्या झडपेचं कुजलेलं बूच त्याने बदललं होतं. मी समजत होतो की वाद्य जोखतोय. जोखत होतो एक भोक.

तेव्हापासून जुने मोठे ट्यूबा शेजारी ठेवून पाहायची माझी एक ठरलेली पद्धत झाली आहे. ती इथे सविस्तर लिहितो. विकत घ्यायचा असो, बँडसाठी निवडायचा असो किंवा नुसता कान तयार करायचा असो, क्रम तोच: आधी कुळी ओळखायची, मग गळती काढायची, मग पट्टी तपासायची आणि सगळ्यात शेवटी आवाजाबद्दल तोंड उघडायचं.

कुळी ओळखा

ट्यूबा तसा अलीकडचा. १२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मॉरिट्झ यांनी त्याचं पेटंट घेतलं. तो पाच व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे दाबली की हवा जादा नळीतून वळवणारी कळ), एफचा, म्हणजे आपल्या पांढरी चारचा होता. आज ज्यांना आपण 'मोठे' म्हणतो ते त्याहून खालचे: डबल सी म्हणजे पांढरी एक आणि डबल बी फ्लॅट म्हणजे काळी पाच. पांढरी एकच्या ट्यूबात सुमारे १६ फूट नळी असते, काळी पाचच्यात सुमारे १८ फूट, आणि हे व्हॉल्व्हच्या नळ्या न धरता.

मापाबद्दल आधीच सावध करतो. ट्यूबांना ३/४, ४/४, ५/४, ६/४ असे आकडे लावतात. हे साडीच्या वारासारखं ठरलेलं माप नाही. नळीची लांबी सगळ्यांत तेवढीच असते. वाद्य अंगाने किती भरलेलं आहे याचा तो अंदाज असतो आणि प्रत्येक कारखाना तो आपापल्या सोयीने लावतो. एकाचा ५/४ दुसऱ्याच्या ६/४ ला मागे टाकू शकतो. त्यामुळे आकडा वाचून तुलना करू नका, टेप काढा. बेलचा, म्हणजे वाद्याच्या कर्ण्याचा, व्यास. बेलच्या गळ्याची रुंदी, काठापासून साधारण एक फूट खाली. तळाच्या वळणाचा घेर. आणि व्हॉल्व्हमधल्या नळीचा आतला व्यास. ही चार मापं वहीत लिहिली की निम्मं चित्र समोर येतं.

जुन्या मोठ्या ट्यूबांत ढोबळमानाने तीन घराणी दिसतात.

पहिलं अमेरिकन, पिस्टनचं. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचा यॉर्क, इंडियानातल्या एल्कहार्टचा कॉन, विस्कॉन्सिनमधल्या एल्कहॉर्नचा होल्टन. (एल्कहार्ट आणि एल्कहॉर्न ही दोन वेगळी गावं आहेत. जाहिरातींत यांची गल्लत सर्रास सापडते.) या घराण्यात व्हॉल्व्हची नळी त्या मानाने बारीक: कॉन २०जे ची ०.७३४ इंच, शिकागोच्या प्रसिद्ध यॉर्कची ०.७५० इंच. पण व्हॉल्व्ह सोडल्यावर नळी झपाट्याने फुगत जाते आणि बेलचा गळा चांगलाच रुंद होतो.

दुसरं जर्मन-चेक, रोटरीचं. यात पिस्टन वर-खाली होत नाही, आतली फिरकी पाव फेरा फिरते. माइन्झचं अलेक्झांडर घराणं १७८२ पासूनचं, त्यांचा १६३ हा नमुना आजही नावाजलेला. बोहेमियातला चेर्वेनी १८४२ चा, त्यांचे 'कैसर' ट्यूबा उंच आणि धिप्पाड. इथे व्हॉल्व्हची नळी बहुधा अमेरिकनांपेक्षा जाड असते, वाद्य उंच असतं आणि बेल त्या मानाने आवरती.

तिसरं इंग्लिश. बेसन, बूझी अँड हॉक्स. यांचं वैशिष्ट्य म्हणजे डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेली भरपाईची रचना: चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा बाकीच्या व्हॉल्व्हांतून दुसऱ्यांदा फिरते आणि कमी पडलेली लांबी आपोआप भरून निघते. तीन व्हॉल्व्ह उजव्या हाताला वर, चौथा डाव्या हाताला बाजूला. महाराष्ट्रात जुन्या पलटणींच्या, पोलिसांच्या बँडखोल्यांत वाद्यं पाहायला मिळाली तर बहुधा याच घराण्याची असतात. लग्नाच्या वरातीत आपण पाहतो ते बरेचसे मेरठच्या जली कोठीत घडलेले सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती घालून चालता चालता वाजवायचे ट्यूबा. त्यांची तुलना हा वेगळा विषय आहे.

यॉर्कची गोष्ट, कारण ती टाळून पुढे जाता येत नाही

मोठ्या ट्यूबांची बोलणी कुठूनही सुरू झाली तरी शिकागोच्या दोन यॉर्कांपाशी येऊन थांबतात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचे हे ट्यूबा, चार पिस्टन आणि पाचवी रोटरी. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांना ऑर्गनसारखा भरीव खर्ज हवा होता, म्हणून ते तिथले वादक फिलिप डोनाटेली यांच्यासाठी घडवले गेले. डोनाटेली अंगाने भारी. वाद्य आणि पोट दोन्ही एका मांडीवर मावेनात, अशी गोष्ट सांगतात. शेवटी त्यांचा तरुण विद्यार्थी अर्नोल्ड जेकब्ज याने त्यातला एक १७५ डॉलरला, हप्त्याने घेतला. जेकब्ज पुढे १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनीत वाजवत राहिले आणि अमेरिकेत 'मोठा ट्यूबा कसा वाजायला हवा' याचा कान त्यांनी घडवला. दुसरा यॉर्कही नंतर त्यांच्याकडे आला. आज दोन्ही ऑर्केस्ट्राच्या मालकीचे आहेत.

स्विस हिर्सब्रुनर आणि जपानी यामाहा यांनी या वाद्यांची मापं घेऊन नकला बनवल्या. त्या उत्तम आहेत, आणि तरीही यॉर्क नाहीत, असं वाजवणारे सांगतात. पितळेचं वय, पत्र्याची जाडी, झाळताना नळीत राहिलेला ताण, की नुसती श्रद्धा? माझं मत विचाराल तर थोडं सगळंच. पण यातून कामाची एक गोष्ट कळते. बाहेरची मापं जुळली म्हणून आवाज जुळतोच असं नाही. त्यामुळे "हा यॉर्कसारखा आहे" हे विक्रेत्याचं वाक्य ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढू: मोठ्या ट्यूबाला मोठी छाती लागते. जेकब्जना दम्याचा त्रास होता, आणि वाजवत होते ते सगळ्यात अजस्र वाद्य. हवा लागते हे खरं. ती कोंडून नाही, वाहती लागते.

गळती काढा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही. दोन जुन्या वाद्यांतला जो फरक लोक 'घडणीचा' म्हणून सांगतात, त्यातला बराचसा इथे सापडतो.

व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे आत-बाहेर सरकणारी नळी, इंच-दीड इंच बाहेर ओढा. दहा सेकंद थांबा. आता व्हॉल्व्ह दाबा. 'पक्' असा स्पष्ट आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरून आहे. नुसतं हुस्स झालं किंवा काहीच झालं नाही, तर पिस्टन झिजलाय किंवा स्लाइड सैल आहे. प्रत्येक व्हॉल्व्हला हे करा आणि वहीत 'पक्' किंवा 'हुस्स' लिहा. हसू येईल, पण दोन ट्यूबांच्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की त्या आवाजाबद्दल बरंच सांगून जातात. व्हॉल्व्हला हवा सुटायचं बारीक भोक मुद्दाम पाडलेलं असेल तर ही परीक्षा लागू नाही, हे मात्र बघून घ्या.

मग पाण्याच्या झडपा. बूच दाबून पाहा, कडक किंवा चिरलेलं असेल तर बदला आणि मगच पुढे जा. माझी फजिती वर सांगितलीच आहे.

बेल आणि तळाचं वळण तपासायला दिवाळीची एलईडीची माळ उत्तम. खोलीत अंधार करा, माळ बेलमधून आत सोडा, बाहेरून बघा. टाचणीएवढं भोक, झाळलेल्या सांध्याची फट, जुन्या तड्यावरचा सुटलेला ठिगळ, सगळं चमकून दिसतं. आमच्या तळघरात एकदा एका कैसरच्या तळाशी चार चांदण्या दिसल्या होत्या. विक्रेता म्हणाला होता, "अगदी घट्ट आहे."

माउथपीसजवळच्या (माउथपीस म्हणजे ओठ टेकवायची वाटी) बारीक नळीवर गुलाबीसर ठिपके आणि मधोमध काळा बिंदू दिसला तर पितळेतलं जस्त निघून चाललंय आणि धातू आतून सच्छिद्र होतोय. तिथली नळी बदलावी लागेल. पोचे सगळे सारखे नसतात. तळाच्या जाड वळणावरचा नारळाएवढा पोचा आवाजाला फारसं करत नाही, पण माउथपीसपासून हातभर अंतरातला बोराएवढा पोचा सूर बिघडवू शकतो. नळी जितकी बारीक तितका पोचा महाग.

व्हॉल्व्हची रांगही पाहा. पिस्टनच्या बटणाखालचे नमदे दबले की दाबलेला पिस्टन एक-दोन मिलिमीटर जास्त खाली जातो, त्याची भोकं नळीच्या तोंडाशी जुळत नाहीत आणि वाद्य बोजड वाटतं. रोटरीत मागचं टोपण काढलं की खुणा दिसतात. फिरकी दोन्ही टोकांना खुणेवर थांबते का ते बघा. बुचाचा तुकडा कापून हे दहा मिनिटांत नीट करता येतं.

शेवटी 'कापलेला' आहे का ते. अमेरिकेत जुने काळी पाचचे मोठे ट्यूबा कापून पांढरी एकचे केले जातात, कारण तिथल्या ऑर्केस्ट्रात डबल सीचा रिवाज आहे. सुमारे दोन फूट नळी काढून टाकतात. चांगल्या कारागिराच्या हातचा कापलेला ट्यूबा सोन्यासारखा असतो, घाईचा असेल तर जन्मभराची डोकेदुखी. वेगळ्या रंगाचा पत्रा, नको तिथे सांधा, दुसऱ्याच कारखान्याची बेल या खुणा शोधा. असं वाद्य वाईट असतं असं मुळीच नाही, फक्त त्याच्यावरून मूळ नमुन्याबद्दल मत बनवायचं नाही.

पट्टी तपासा

जुन्या इंग्लिश वाद्यांच्या बाबतीत ही पायरी चुकवली तर सगळी मेहनत पाण्यात. आज ए हा सूर ४४० हर्ट्झचा धरतो. ब्रिटिश ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत सुमारे ४५२.५ च्या चढ्या पट्टीत वाजवत होते. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ४५७ च्या आसपासची 'हाय पिच' वाद्यं बनत. अशा वाद्यावर कधी 'एच' किंवा 'एचपी', खालच्या पट्टीच्यावर 'एल' किंवा 'एलपी' असा शिक्का असतो.

४५२.५ आणि ४४० यात जवळजवळ ४९ सेंटचा फरक आहे (एका स्वराचे २०० सेंट), म्हणजे पाव स्वर. काळी पाचच्या १८ फुटी नळीला ४४० वर आणायला साधारण सहा इंच वाढवावी लागते. मुख्य स्लाइडला दोन पाय असल्याने ती तीन इंच ओढावी लागेल. ४५७ असेल तर चार इंचांहून जास्त. बहुतेक जुन्या वाद्यांची स्लाइड एवढी निघतच नाही. आणि मुख्य स्लाइड ओढून भागत नाही, प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइड त्याच प्रमाणात लांबवावी लागते, नाहीतर मोकळे सूर जुळतील आणि व्हॉल्व्हचे चढे राहतील. तंबोऱ्याच्या नुसत्या जोडाच्या तारा लावून खर्ज आणि पंचम तसेच सोडल्यासारखं.

सूर: स्वयंभू गंधार आणि खोडसाळ जोड्या

वाद्य नीट आहे आणि पट्टी बरोबर आहे हे ठरल्यावर सुरांचा तक्ता करा. वीस मिनिटं वाद्य फुंकून गरम करा. हवा १० अंशांनी तापली की सूर सुमारे २९ सेंट चढतो, म्हणून थंड ट्यूबा आणि गरम ट्यूबा यांची तुलना होऊच शकत नाही.

व्हॉल्व्ह न दाबता वर जात राहा: सा, पंचम, वरचा सा, मग गंधार, मग पंचम. त्याच्याही खालचा मूळ सा पहिला धरला तर यातला गंधार हा पाचवा उपस्वर. आपल्याकडे तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तोच हा, आणि तो हार्मोनियमच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला असतो. म्हणजे ट्यूनरची सुई खाली दाखवली तर लगेच वाद्याला दोष देऊ नका, १४ सेंट निसर्गाचे सोडा. जुन्या मोठ्या अमेरिकन ट्यूबांत तो त्याहूनही बराच खाली सापडतो. तिथे खोट काढा, किंवा दुसऱ्या बोटांनी तो सूर काढता येतो का बघा. सहाव्या उपस्वराकडे, म्हणजे वरच्या पंचमाकडे, नेमकं उलट लक्ष द्या. तो चढायची शक्यता जास्त.

मग जोड्या. पहिला व्हॉल्व्ह एक स्वर उतरवतो, तिसरा दीड. दोन्ही एकत्र दाबले की लांबी कमी पडते आणि सूर सुमारे ३० सेंट चढतो. तिन्ही दाबले तर ५० सेंटच्या वर, म्हणजे जवळजवळ पाव स्वर. कोणत्याही तीन व्हॉल्व्हच्या वाद्याचं हे गणित आहे, त्यात कारखान्याचा दोष नाही. प्रश्न एवढाच की त्यावर वाद्यात उपाय काय ठेवलाय. चौथा व्हॉल्व्ह आहे का? पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड वर तोंड करून आहे का, म्हणजे वाजवताना डाव्या हाताने ओढता येईल? इंग्लिश भरपाई असेल तर हात मोकळा राहतो, पण खालच्या सुरांत हवा जास्त वळणं घेते आणि काहींना ती अडल्यासारखी वाटते. कॉन २०जे ला तीनच व्हॉल्व्ह. त्यामुळे त्याच्या खालच्या टोकाच्या सुरांत ओठांवरच भिस्त. ज्यांना तिथे वाजवायचंय त्यांनी चार व्हॉल्व्हचा भाऊबंद शोधावा.

खोली, माउथपीस आणि छताची थट्टा

दोन्ही ट्यूबांना माउथपीस एकच वापरा. पण दांडा बसतोय का ते पाहा: अमेरिकन दांडा बारीक, युरोपियन जाड. बारीक दांडा जाड तोंडात आत बुडतो, जाड दांडा बारीक तोंडात टेकून बाहेर राहतो. दोन्हींत सूर आणि पकड बदलते. एकाच कपाचे दोन दांडे मिळाले तर छान. मी हेलेबर्ग धाटणीचा खोल, उतरता कप वापरतो. मोठ्या वाद्याला तो मानवतो.

आता खोली. काळी पाचच्या ट्यूबाचा खालचा सा सुमारे ५८ हर्ट्झचा. त्याची लहर जवळजवळ ५.९ मीटर लांब, आणि अर्धी २.९ मीटर. घराच्या छताची उंची किती असते? साडेनऊ-दहा फूट. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात नेमका तोच सूर छत आणि जमीन मिळून फुगवतात. वाजवणारा खूष होतो, "काय खर्ज आहे!" तो खर्ज बिल्डरचा. दुसरा ट्यूबा पांढरी एकचा असेल तर त्याचा सा ६५ हर्ट्झवर पडतो, छताशी तितका जुळत नाही आणि बिचारा उगाच पातळ ठरतो. म्हणून घरातली तुलना फक्त गळती आणि सुरांपुरती. आवाजासाठी शाळेचं सभागृह, चर्चचा हॉल, मंगल कार्यालय, काहीही मोठं पाहा.

फोनवर केलेल्या रेकॉर्डिंगवर तर अजिबात विसंबू नका. फोनचा स्पीकर खालचा मूळ सूर वाजवूच शकत नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून तो मनात भरून घेतो. त्यामुळे फोनवर नेहमी तो ट्यूबा जिंकतो ज्याच्यात उपस्वर जास्त, आणि हॉलमध्ये कदाचित तोच खरखरीत वाटतो. डेसिबल मोजणाऱ्या अॅपमध्ये 'ए' भारांकन असेल तर ते ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कमी दाखवतं. 'सी' निवडा, किंवा सरळ कानांवर सोडा.

आता आवाज

घडणीतून आवाज कसा येतो ते थोडक्यात. नळीतली लहर बेलपाशी पोचली की काही अंशी परत फिरते आणि काही बाहेर पडते. परत फिरणारी लहर सूर पकडून ठेवते. बेलचा गळा रुंद आणि पसरट असला की उंच उपस्वर परत न फिरता निसटून जातात. म्हणून अंगाने भरलेल्या अमेरिकन ट्यूबात सूर गोल, पसरलेला, आणि ओठांनी इकडेतिकडे वळवता येणारा असतो. आवरत्या गळ्याच्या जर्मन ट्यूबात सूर खाचेत बसल्यासारखा लागतो, आणि जोर वाढवला की पितळेची धार येते. तंबोऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पहिल्याची जवारी बंद, दुसऱ्याची उघडी. हा ठोकताळा आहे. वाद्य प्रत्यक्ष हातात आलं की तो मोडायची तयारी ठेवा. उदाहरणार्थ अलेक्झांडर १६३ चा सूर गाणाऱ्या गळ्यासारखा दाट लागतो, त्याला नुसतं 'धारदार' म्हणणं अन्याय.

बेल कुठे बघते हेही तितकंच मोठं. वर तोंड केलेली बेल आवाज छताकडे फेकते आणि श्रोत्याकडे तो सगळीकडून मिसळून येतो. कॉन २०जे सारखी पुढे वळलेली २४ इंची बेल आवाज थेट समोर टाकते. त्या बेलला 'रेकॉर्डिंग बेल' म्हणतात, कारण भोंग्यात वाजवून तबकड्या ध्वनिमुद्रित करायच्या जमान्यात आवाज भोंग्याकडे वळवणं गरजेचं होतं. पुढे बघणारा आणि वर बघणारा ट्यूबा एकाच खुर्चीवरून तोलले तर तुम्ही वाद्याची घडण नाही, दिशा तोलता. पुढे बघणाऱ्याला थोडं तिरकं बसवा, किंवा बेल निघत असेल तर वरच्या तोंडाची लावून बघा.

परीक्षा मी चार करतो.

एक लांब सूर, अगदी हळूपासून मोठ्यापर्यंत आणि परत. बारा सेकंद. हळूवर सूर लगेच उगवतो की आधी हवेची फुसफूस? मोठ्यावर गोलाई टिकते की फाटते?

आघात. 'डा डा डा डा', मार्चच्या लयीत, आधी हळू आणि मग जोरात. मोठ्या ट्यूबांची खरी परीक्षा ही. दाणा सुटा ऐकू आला पाहिजे. बऱ्याच अजस्र वाद्यांत सूर इतका उशिरा फुलतो की बँडमध्ये तबलजी लयीच्या मागे राहिल्यासारखं होतं. पिस्टनची लांब चाल आणि रोटरीची छोटी चाल इथे हाताला जाणवते. २०जे चे पिस्टन मुद्दाम आखूड चालीचे आहेत, त्यामुळे ते भारी वाद्य असूनही बोटं चपळ पळतात.

मग सा ते पंचम ते सा, जोडून, जीभ न लावता. खाचा किती खोल आहेत ते कळतं.

आणि शेवटची, सगळ्यात टाळली जाणारी: दुसऱ्या कोणाबरोबर वाजवणं. एका युफोनियमवाल्याला (युफोनियम म्हणजे ट्यूबाचा लहान भाऊ) किंवा ट्रॉम्बोनवाल्याला बोलवा, त्याने वर पंचम धरावा, तुम्ही खाली सा. एकट्याने ऐकताना जो ट्यूबा पसरट वाटला तो इथे अनेकदा सगळ्यांना पोटात घेतो, आणि जो झगझगीत वाटला तो वेगळा उठून दिसतो. काय हवंय ते बँडवर अवलंबून. ८० जणांच्या वाद्यवृंदाखाली मला पहिला हवा, पाच जणांच्या ब्रासमध्ये दुसरा.

ऐकणारा बेलच्या मागे नको

वाजवणाऱ्याचा कान बेलच्या काठापासून हातभर अंतरावर असतो. त्याला जो आवाज ऐकू येतो तो हॉलला कधीच ऐकू येत नाही. म्हणून दोन माणसं लागतात: एक तीन मीटरवर, एक हॉलच्या मागच्या भिंतीपाशी. दोघांची पाठ तुमच्याकडे. ट्यूबांना नावं द्यायची नाहीत, नुसतं 'पहिला', 'दुसरा'. नाणं उडवून क्रम ठरवा आणि मधूनमधून तोच ट्यूबा लागोपाठ दोनदा वाजवा. या खोट्या फेरीत त्यांनी 'मोठा फरक' लिहिला तर त्यांच्या बाकीच्या शेऱ्यांना किती किंमत द्यायची ते समजतं. शब्द आधी ठरवून घ्या: गोल की टोकदार, दाणेदार की पसरट, जवळ की लांब. 'मस्त' आणि 'भारी' यांना बंदी.

जो ट्यूबा सहज वाजतो तो तुम्ही नकळत मोठ्याने वाजवता, आणि मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. मागच्या माणसाने प्रत्येक फेरीआधी हात वर-खाली करून पातळी जुळवून घ्यावी.

आमच्या हॉलमध्ये असा २०जे आणि एक उंच रोटरी कैसर तोलला तेव्हा मी स्वतः बेलच्या मागून शपथेवर सांगितलं असतं की कैसर जास्त मोठा आहे. त्याची धार माझ्या कानात घुमत होती. मागच्या भिंतीपाशी बसलेल्या आमच्या क्लॅरिनेटवाल्या बाईंनी सहाही फेऱ्यांत २०जे ला 'जवळ' आणि कैसरला 'स्पष्ट पण लांब' असं लिहिलं होतं. तीन मीटरवरच्या माणसाचे शेरे अर्धे-अर्धे. म्हणजे दोघंही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या खुर्च्यांवरून.

अंगाला बसतो का

मांडीवर ठेवून माउथपीस ओठांपर्यंत येतो का, की मान वाकवावी लागते? जुनी वाद्यं आपल्या उंचीचा विचार करून घडवलेली नव्हती. मी साडेपाच फुटी. कैसर मांडीवर घेतला की माउथपीस कपाळापाशी येतो, म्हणून तो खुर्चीवर दोन मांड्यांच्या मध्ये टेकवतो. २०जे साठी उलट, छोटा स्टँड लागतो. डावा हात स्लाइडपर्यंत पोचतो का, उजव्या मनगटाला बाक येतो का, हे अर्धा तास वाजवून पाहा. पाच मिनिटांत कोणाचंच मनगट तक्रार करत नाही.

आणि टेपने एक शेवटचं माप: गाडीचं मागचं दार. २०जे ची बेल स्क्रू काढून सुटी होते, ती मागच्या सीटवर आडवी बसते. कैसर अखंड. तो घेऊन मी पहिल्यांदा निघालो तेव्हा पार्किंगमध्ये पुढची सीट काढावी लागली होती, आणि ती सीट आठवडाभर बँडखोलीतच राहिली.